सुमनआत्याला कळलेलं

श्रावणातलं ओलसर ऊन डिंडोलीच्या आमच्या खोलीत उतरायचं ते थेट साड्यांच्या ढिगावर, आणि त्या ढिगाआडून सुमनआत्याच्या छोट्या कात्रीची कुटकुट दिवसभर ऐकू यायची. मार्केटातून आलेल्या साड्यांचे लोंबते धागे कापणं हे तिचं काम. केसांत, भुवयांवर, पदरावर रंगीत धागे चिकटलेले, आणि चेहऱ्यावर चाळिशीतही न मावळलेलं निर्व्याज हसू.

तिची बुद्धी लहानपणीच थबकली, असं सगळे म्हणत. आपण पाहिलं ते साऱ्या जगानं पाहिलं, अशी तिची गोड समजूत. 'तो पडला ना,' म्हणत ती खळखळून हसायची आणि कोण, कुठे, हे शोधताना आमची दमछाक व्हायची. शिवाय तिच्या तोंडी तीळ भिजत नसे.

म्हणूनच आईच्या हृदयाचं दुखणं बळावलेलं असताना, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर अमळनेरहून मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा वडिलांना पहिली धास्ती आत्याची वाटली. आईला धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि दिवसभर तिच्या खाटेपाशी बसणारी तर हीच. चार दिवस कसेबसे लपवले; राखी तोंडावर आली तशी आत्याला चलथाणला काकांकडे ठेवायचं ठरलं. वडील तिची पिशवी भरू लागले.

आत्यानं कात्री खाली ठेवली. वडिलांना हाताला धरून बाहेर ओट्यावर नेलं. हळू बोलणं तिला येतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं.

"दादा, वहिनीले मालूम शे. तिनी यंदा राखी करी नही. तुम्ही रडशात, म्हनीसन ती बोलत नही."

खरंच होतं. दर श्रावणात आई कापलेल्या धाग्यांतले जरीचे वेचून मामासाठी राखी गुंफायची आणि आत्या तिला धागे निवडून द्यायची. यंदा आईनं धागे मागितलेच नव्हते. शेजारणींची कुजबुज तिच्या कानी आधीच गेली होती, आणि आम्ही तिला जपत होतो तशी ती आम्हाला जपत होती.

वडील आत जाऊन आईच्या उशाशी बसले. दोघं मनसोक्त रडली. आईला काही झालं नाही. संध्याकाळी ती दोन घास जास्तच जेवली, आणि चलथाणचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

आता त्या घरातलं माझ्याखेरीज कुणीच उरलेलं नाही. लोक विचारतात, कसा आहेस. मी बरा आहे म्हणतो आणि त्यांना ते खरं वाटतं. काळ माणसं नेतो, हे सोसता येतं; पण आपण काय लपवलंय हे ओळखणारी नजरही तो घेऊन जातो, तेव्हा मन फार एकटं पडतं.