रिकाम्या काट्यावरचे दोन किलो

मी एक जुना स्प्रिंगचा काटा आहे. मित्रांनो, आज मी भंगारात पालथा पडलोय. पण कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं रंगाची पूड मोजली. नवा होतो तेव्हा लोक म्हणत, "काटा असावा तर असा!"

एके दिवशी हमालाच्या हातून एक पिंप निसटलं आणि माझ्यावर आदळलं. माझी स्प्रिंग कायमची बिघडली. परात रिकामी असली तरी सुई दोनवर उभी राही, आणि खऱ्या एका किलोमागे दीड किलो पुढे सरके.

रंग मिसळणाऱ्या मावशींच्या हे पहिल्याच वजनाला लक्षात आलं. त्यांनी स्टोअरकीपरला सांगितलं. "चालवून घ्या हो मावशी," तो म्हणाला. तीनदा सांगितलं, तीनदा हेच उत्तर.

मग मावशींनी खात्रीची वजनं एकेक करून माझ्यावर ठेवली, आकडे टिपून घरी नेले. दुसऱ्या दिवशी शेजारी काम करणाऱ्या बाईला हरखून सांगत होत्या, "लेकीनं आलेख काढला. सगळे ठिपके एका सरळ रेषेत! y = 1.5x + 2. रेघ दोनपासून निघते, तो म्हणे आंतरछेद. किलोमागे दीड वर जाते, तो चढ."

तेव्हापासून त्या माझ्या आकड्यातून दोन वजा करत, उरलेल्याला दीडने भागत. सहा वर्षांत एक छटा चुकली नाही.

मग नवे साहेब आले. त्यांनी सगळ्यांना गोळा करून फळ्यावर लिहिलं: 2y = 6x + 8. "चढ आणि आंतरछेद सांगा. ज्याला येणार नाही, तो उद्यापासून झाडू मारेल."

कुणीतरी चाचरत म्हणालं, "सहा आणि आठ."

"अकलेचे कांदे!" साहेब खदाखदा हसले. "मावशी, तुझं काय?"

मावशींनी पदर खोचला. "आधी दोनने भागायचं. y एकटा राहिला पाहिजे. चढ तीन, आंतरछेद चार."

साहेबांचं हसू मावळलं. "कुठं शिकलीस?"

"या काट्यावर," मावशी अभिमानानं म्हणाल्या, आणि त्यांनी माझं सगळं गणित उलगडून सांगितलं. मीही मनातून फुललो होतो.

"म्हणजे काटा खोटा आहे," साहेब सावकाश म्हणाले, "आणि सहा वर्षं तुला ठाऊक होतं."

"मी तीनदा सांगितलं, साहेब. विचारा यांना."

स्टोअरकीपर बुटाकडे बघत म्हणाला, "मला कधीच कुणी काही बोललं नाही."

मावशींनी त्याला तीनदा सांगितलेलं इतर सगळ्यांनी ऐकलं होतं. एकानंही तोंड उघडलं नाही.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले. "आणि जाताना तो फळा पुसून जा."

मावशींनी फळा पुसला.

दुसऱ्या दिवशी घाईत कुणीतरी माझाच आकडा खरा धरला. पूड कमी पडली, सगळा माल फिका निघाला. साहेब ओरडले, "ही त्या बाईची करणी!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यांनी मला इथं फेकलं.

मित्रांनो, वस्तू मोडली तर वेळीच दुरुस्त करा. आणि तुमची खोट जो रोज निमूट निस्तरतो, त्याच्यावर बोट रोखलं जाईल तेव्हा बोला. मला वाचा नव्हती. त्या खोलीत ज्यांना होती, ते सगळे अजून कामावर आहेत.