कपातली मिरची

दौंड स्टेशनाच्या कुंपणाला लागूनच मेहमूदचा फोटो स्टुडिओ होता. मागच्या खोलीत संसार आणि पुढच्या खोलीत धंदा. लग्न होऊन तहमीना कवठे येमाईहून इथं आली, तेव्हा तिनं कॅमेऱ्याला हातसुद्धा लावलेला नव्हता. वर्षभरात ती अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला शिकली. मग पासपोर्ट फोटोंच्या रोलमध्ये उरलेली फिल्म ती नवऱ्याकडून हक्कानं मागून घेऊ लागली.

"कशाला पाहिजे?" मेहमूदनं एकदा विचारलं.

तिनं कान तुटलेला चहाचा कप पुढं केला. आत मातीत मिरचीचं बी टाकलं होतं. "आमच्या वाफ्यात सकाळी बघावं तर रोपं वर आलेली असायची. पण येताना कशी येतात, ते कवाच दिसलं न्हाई. ते धरायचंय मला."

मेहमूदला हसू आलं. वराती आणि शाळेचे ग्रुप फोटो काढणारा तो माणूस. कपातल्या मातीचा फोटो कोण काढतं, असं त्याच्या मनात आलं.

काही दिवसांनी माती फोडून पांढरट कोंब वर आला, आकड्यासारखा वाकलेला. तहमीनानं स्टुडिओतले मोठे दिवे लावले, कॅमेरा अगदी जवळ नेला. फिल्म धुतली तर सगळं धूसर. इतक्या जवळचं लेन्सला दिसतच नव्हतं. त्यात दिव्यांच्या धगीनं दुपारपर्यंत कोंबानं मान टाकली.

"माझ्या हौसेपायी करपलं ते," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. मेहमूदला वाटलं, संपलं खूळ. दुसऱ्या दिवशी कपात नवं बी होतं.

एकदा ती लेन्स काढून पुसत होती. पुसता पुसता तिनं ती उलटी धरून आपल्या बोटाकडं पाहिलं आणि थबकली. "अहो, ही उलटी लावून बघू का?"

"उलटी लावून काय दिसणार?"

तिनं लेन्स उलटी करून कॅमेऱ्याला हातानंच दाबून धरली आणि त्याला डोळा लावायला सांगितलं. समोर तिच्या बोटाच्या रेषा नांगरटीच्या तासांसारख्या दिसत होत्या. मेहमूद बराच वेळ कॅमेऱ्याला डोळा लावून राहिला. इतकी वर्षं हे यंत्र त्याच्या हातात होतं.

मग तिनं लेन्स चिकटपट्टीनं पक्की केली, दिव्यांना रजा दिली आणि कप खिडकीत आणला. सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, म्हणजे उजेड तिकडूनही परतावा. नवा कोंब आला. आता अडचण गाड्यांची. मालगाडी गेली की टेबल थरथरायचं आणि फोटो हलायचा. गाडी पार लांब गेली, की मगच ती बटण दाबायची.

कोंब सरळ झाला, पण बियाचं टरफल टोपीसारखं त्याच्या डोक्यावरच राहिलं. दोन्ही पानं आत अडकलेली.

"नखानं काढू का हळूच?" मेहमूदनं विचारलं.

"नको. त्याचं त्याला काढू द्या."

त्या सकाळी ती कॅमेऱ्यापासून हललीच नाही. मेहमूदनं चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. टोपी सरकत सरकत एका पानाच्या टोकाला आली, आणि नेमकी तेव्हाच मालगाडी आली. टेबल हादरू लागलं. तहमीना बटणावर बोट ठेवून श्वास रोखून बसली. शेवटचा डबा गेला, टेबल थांबलं, टोपी अजून टोकालाच होती. तिनं बटण दाबलं. दुसऱ्याच क्षणी टोपी मातीत पडली.

फोटो धुताना मेहमूद तिच्या शेजारी उभा होता. औषधाच्या पाण्यातल्या कागदावर हळूहळू देठ उमटला, देठावरची बारीक लव उमटली, मग उघडणारी पानं आणि टोकाला लोंबणारी टोपी. "एवढी वर्षं मी लोकांना हलू नका म्हणून सांगत आलो," तो म्हणाला, "आन् तू हलणाऱ्याची वाट बघत बसलीस." तहमीनानं ओला फोटो चिमट्यानं दोरीला लावला.

मेहमूदनं बाहेरच्या काचेच्या कपाटातली नवरा-नवरीची चित्रं काढली आणि तिथं तिचे फोटो ओळीनं लावले. स्टेशनकडं जाणारी माणसं तिथं थबकू लागली. भांडगावच्या गिताबाई रेशनकार्डासाठी फोटो काढायला आल्या होत्या, त्याही पिशवी खाली ठेवून तिथंच उभ्या राहिल्या.

"जल्म गेला मिरच्या लावण्यात," त्या म्हणाल्या. "पर असं टोपडं काढताना न्हाई बघितलं कवा. कुणी काढलं हे?"

"हिनं," मेहमूद म्हणाला.

गिताबाईंनी तहमीनाकडं नीट पाहिलं. "मंग माझा फोटूबी हिलाच काढू दे."

तहमीनानं आजवर माणसाचा फोटो काढलेला नव्हता. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो कॅमेऱ्यापासून बाजूला झाला. तिनं स्टूल खिडकीपाशी नेलं आणि म्हणाली, "बसा मावशी. घाई न्हाई." गिताबाईंचे आवळलेले खांदे सैल पडेपर्यंत ती थांबून राहिली.

तो फोटो गिताबाईंनी भांडगावात घरोघरी दाखवला. पुढं बायका फोटोला आल्या, की दारातूनच विचारायच्या, "बाई हायत का?" तहमीना कामात असली, तर बाकावर बसून राहायच्या. मेहमूद त्यांना चहा करून द्यायचा.