नागली खाल्लेली लेन्स

मुनाफचाचांनी काउंटरवर दोन लेन्स ठेवल्या आणि त्यातली मोठी हातात घेताक्षणी योगिता कामातून गेली. काय ती लेन्स! मनगटापासून कोपरापर्यंत लांब, पांढरीशुभ्र आणि पुढे तळहाताएवढी काच. तिने ती कॅमेऱ्याला बसवली, दुकानाच्या दारातून समोर रोखली आणि जव्हारचा अर्धा बाजार दचकेल अशी किंचाळली, "चाचा, त्या पलीकडच्या पाटीवरची पाल दिसते! पालीचा डोळा दिसतो!"

"पालीच्या लग्नाला चाललीस का?" चाचा म्हणाले.

दुसरी लेन्स काळी, बुटकी, तंबाखूच्या डबीएवढी. तिच्याकडे योगिताने ढुंकूनही पाहिलं नाही. दोनातली एकच मिळणार होती, दुसरी घेऊन चाचांचा मुलगा मुबश्शिर विक्रमगडच्या लग्नाला जाणार होता.

चाचांचा हा फोटो स्टुडिओ म्हणजे मुळात त्यांच्या वडिलांचं शिलाईचं दुकान. वडिलांची मशीन अजून कोपऱ्यात होती आणि वडिलांची सवय चाचांच्या अंगात होती. ते गळ्यात टेप घालूनच फोटो काढत.

"लगनघर केवढं आहे?" त्यांनी विचारलं.

"वांगणीला लहान्यामामाचं घर. असेल की घराएवढं."

"पावलं मोजलीस?"

"चाचा, घर कोण मोजतं?"

"माझे अब्बा झबलंसुद्धा मापाशिवाय शिवत नव्हते, बेटा. असं कर, तुझे तीन वर्षांचे जुने फोटो उघडून बघ. प्रत्येक फोटोच्या पोटात लिहिलेलं असतं, किती मिलिमीटरवर घेतला. तुझ्या जुन्या लेन्सचा आकडा अठरापासून पंचावन्नपर्यंत जायचा ना? मग बघ, रोज किती लागला. फिर बोल."

"वाचते चाचा, घरी गेल्यावर," योगिता म्हणाली. डॉक्टरला आपण 'उद्यापासून चालायला जातो' म्हणतो ना, अगदी त्याच सुरात.

आता तिची स्वतःची लेन्स कुठे गेली, ते सांगायलाच हवं. पावसाळ्यात जव्हारकडे चपलेलासुद्धा बुरशी येते, मग काचेला का सोडेल? चाचांनी सांगून ठेवलं होतं की लेन्स कोरड्या तांदळात ठेवावी. योगिताची आई रुपी आज्ञाधारक बाई. पण तांदळाची कणगी माळ्यावर होती आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पिंप चुलीशेजारी होतं. धान्याला धान्य, असा विचार करून तिने लेन्स नागलीत पुरली, आणि तीही झाकण काढून, आतपर्यंत कोरडी हवा जावी म्हणून. नागलीचा दाणा मोहरीएवढा. त्याला शिरायला कितीशी जागा लागते? दसऱ्याला लेन्स बाहेर काढली तेव्हा ती हलवली की खुळखुळत होती आणि झूमचं कडं काही केल्या फिरत नव्हतं. योगिताने दोन दिवस जेवण सोडलं. रुपीने तिसऱ्या दिवशी तिला नागलीची भाकरी वाढली आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

तेव्हापासूनचं हे पहिलंच लग्न. मामाची पोरगी हौशी हिचं. आणि त्याच्यावर फार मोठी गोष्ट अवलंबून होती. योगिता आधी बोईसरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. तिथला निळा एप्रन रुपीने धुऊन, घडी घालून खुंटीवर तयार ठेवला होता. रुपीचं म्हणणं साधं होतं. गौराबाई म्हणजे धवलेरी, पंचक्रोशीतली लग्नं लावणारी म्हातारी. तिच्या गाण्याशिवाय एक लग्न होत नाही आणि तिचा शब्द प्रत्येक पाड्यावर पोचतो. जिथे लग्नात भिंतीवर देवीचा चौक लिहितात, त्या खोलीतून तिने शहरातले तीन फोटोवाले हाकलले होते. "गौराबाय 'ही पोरगी बरी' बोलली तर ठेव तुजा कॅमेरा," रुपीने जामसरला स्वतःच्या घराच्या अंगणात सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं. "नाय तर होळी झाली का बोईसर."

योगिताला बोईसरला जायचं नव्हतं. दिवसभर खोक्यांना चिकटपट्टी लावताना तिला गुदमरल्यासारखं व्हायचं, आणि कॅमेरा हातात असला की पायाला ठेच लागत नसे, पोटाला भूक लागत नसे, काहीच लागत नसे. म्हणून तर ती एवढी मोठी लेन्स घेऊन निघाली होती. गौराबाईने नुसती पाहिली तरी गार पडली पाहिजे!

जीपमध्ये लेन्सचा थाट काय वर्णावा! योगिताने ती मांडीवर बाळासारखी धरली होती. एका म्हाताऱ्याने हा पाण्याच्या पंपाचा कुठला भाग म्हणून चौकशी केली. दुसऱ्याने तिला खिडकीजवळची जागा दिली. शेजारी रुपी गाठोडं घेऊन बसली होती. त्या गाठोड्यात ती खुळखुळणारी लेन्स होती. लहान्या इंजिन खोलून पुन्हा जोडतो, मग ही एवढीशी नळी त्याला जड नाही, अशी तिची खात्री. केलेल्या चुकीची टोचणी तिला होतीच, फक्त ती कबूल करणार नव्हती.

वांगणीला मांडव भरलेला. हौशी हळदीला बसलेली, सगळं अंग पिवळं, दात तेवढे पांढरे. योगिताने पांढरी लेन्स उंचावली आणि मांडवातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. डोळा लावून पाहते तर हौशीचा एक कान आणि अर्धा गजरा. ती दोन पावलं मागे सरली. आता दोन्ही कान आले, पण हळद लावणारे हात गेले. आणखी मागे. मांडवाचा खांब पाठीला लागला. ती खांबाला वळसा घालून मागे गेली, ओटीवरून उतरली, बांधलेल्या बकरीला ओलांडून पुढच्या शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिली. तिथून हौशी पूर्ण दिसली. हौशीसमोर उभे असलेले चाळीस लोकही पूर्ण दिसले, पाठमोरे.

आणि मांडवात कुजबुज सुरू झाली. नवरीच्या आत्याची पोरगी, आली काय, तोंडं बघितली काय, आणि सरळ मांडव सोडून बांधावर गेली काय? लग्नात माणूस असं उठून बाहेर जाऊन उभं राहिलं की त्याचा अर्थ एकच. पोरगी रुसली!

लहान्यामामा गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बांधावर आला. मागे दोन म्हातारे. "काय चुकला आमचा, बाय? चा नाय भेटला का कोणी बसा नाय बोलला?"

"मामा, मी रुसले नाही! मला लांबून काढायचाय फोटो."

"सगले असाच बोलतात," एक म्हातारा अनुभवाने म्हणाला.

तिला गूळ खावा लागला, पाणी प्यावं लागलं आणि मिरवत मांडवात परत यावं लागलं. तिथे पोचताच पुन्हा एक कान आणि अर्धा गजरा. ती पुन्हा मागे. पुन्हा बकरी, पुन्हा बांध. या वेळी पाच बाया आल्या आणि त्यांनी तिच्या कपाळाला हळद लावली. तिसऱ्या वेळी तर खुद्द नवरी पाटावरून उठली. पिवळ्याधमक अवतारात ती शेतातून धावत आली आणि योगिताच्या गळ्यात पडून म्हणाली, "तुला माजी चिंचेच्या पाण्याची बाटली दिली नव्हती शाळेत, त्याचा राग हाय ना अजून?"

योगिता हसत सुटली. हौशीही हसत सुटली. बकरी ओरडली. पांढऱ्या लेन्सवर हळदीचे दोन्ही पंजे उमटले, आता चाचांना काय तोंड दाखवायचं? हसता हसता योगिताने कॅमेऱ्याचा पडदा पाहिला. तीन तास झाले होते आणि कॅमेऱ्यात धड एक फोटो नव्हता.

तेवढ्यात आतून हाक आली. चौक लिहून होत आला होता.

चौकाची खोली आठ पावलांची. या वेळी योगिताने खरोखर मोजली, आणि चाचांची आठवण येऊन कान गरम झाले. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने बाया देवीचा चौक लिहीत होत्या. भिंतीसमोर गौराबाई, तिच्यामागे पंधरा बाया दाटीवाटीने. गाणं सुरू होतं. योगिताने लेन्स रोखली. लेन्सने 'झर्र' केलं, पुन्हा 'झर्र' केलं आणि हात टेकले. एवढ्या जवळचं तिला दिसतच नव्हतं. मागे सरावं तर बाया, बायांमागे भिंत, भिंतीमागे पुन्हा चूल. वर ती पांढरी नळी गौराबाईच्या खांद्यावर जाऊन टेकली.

गौराबाई गाता गाता थांबली. "ही तोफ कोनाची?"

योगिताला खुंटीवरचा निळा एप्रन डोळ्यांसमोर दिसला. तिने घाईघाईने नळी मागे ओढली.

"माजे पोरीची हाय," मागून रुपी म्हणाली. "चुकून आनली. तिची खरी ही." आणि तिने गाठोड्यातून जुनी लेन्स काढून पंधरा बायांच्या डोक्यांवरून पुढे सरकवली. हातोहात ती योगिताकडे आली, आणि येताना प्रत्येक हातात खुळखुळली.

"आये, हे कडं फिरत नाही!"

"तू कवा फिरवत होतीस?" रुपी म्हणाली.

योगिताने लेन्स बसवली. कडं अडकलं होतं ते अठराच्या टोकाला, जिथे चौकटीत सगळ्यात जास्त मावतं. तिने डोळा लावला आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" निघालं. अख्खी भिंत आत आली. चौक, त्यातली देवी, लिहिणाऱ्या बोटांवरचं ओलं पीठ, गौराबाईचं वर केलेलं तोंड, शेजारच्या बायांचे खांदे, सगळं सगळं एका चौकटीत! फक्त उजेड कमी होता.

"काय गं, आता का थांबलीस?" गौराबाईने विचारलं.

"आजी, जरा अंधार..."

"लहान्या! वर चढ. दोन कौलं सरकव."

मामा नव्या धोतरानिशी छपरावर चढला. कौलं सरकली आणि उन्हाचा पट्टा थेट चौकावर पडला. योगिता बायांच्या मध्ये मांडी घालून बसली, दोन्ही बाजूंनी गुडघे टेकलेले, कोणाचं तरी पोर मांडीत. ती फोटो काढत सुटली. कॅमेरा इकडून तिकडे वळवला की लेन्स खुळखुळायची. गौराबाईच्या ते लक्षात आलं. तिने डोळे बारीक करून पाहिलं, मान डोलावली आणि मुद्दाम तिथेच ठेका धरून पुढची ओळ उचलली. बाया फिस्कन हसल्या. मग योगितानेच कॅमेरा तालात हलवला. आनंदाने तिला वेड लागायचं बाकी होतं.

गाणं संपल्यावर गौराबाईने फोटो मागितले. छोट्या पडद्यावर तिने चौक पाहिला, स्वतःचं तोंड पाहिलं, मागच्या एकेका बाईला नावाने ओळखलं. पिठाचा हात तिने योगिताच्या गालावर पुसला.

"ते शेरातले फोटोवाले पोरगे लांबशी बघत, चोरासारखे. ही आमच्यात बसली," ती रुपीला म्हणाली. "शनवारी डाभोशाला लगीन हाय. हिला आन. आनि ती वाजनारीच आन."

दुसऱ्या दिवशी मायलेकी वाटेत घरी थांबून जव्हारला पोचल्या. पांढऱ्या लेन्सवरची हळद पाहून चाचांनी फक्त एक उसासा टाकला. मग योगिताचे तीन वर्षांचे फोटो त्यांनी कॉम्प्युटरवर उघडले आणि मोठ्याने आकडे वाचू लागले. "अठरा. अठरा. अठरा. हा बघ, वीस. हात लागला असेल. अठरा." शंभरेक फोटोंनंतर त्यांनी चष्मा काढला. "बेटा, ते कडं तू कधी फिरवलंच नाहीस."

"आई बोलली मला ते."

चाचांनी बारीक पेचकसाने लेन्स खोलली. काउंटरवर चिमूटभर नागली पडली. रुपीने ती बोटाने टिपून तोंडात टाकली, वाया कशाला घालवायची! दोन दाणे मात्र योगिताने चाचांना आतच ठेवायला लावले. गौराबाईला काय उत्तर देणार होती ती?

मग रुपी कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडे गेली. "चालते का ही?" तिने विचारलं. चाचांनी होकारार्थी मान हलवली. तिने पिशवीतून निळा एप्रन काढला, झटकला आणि मशीनवर पसरला. रुपीने कात्री उचलली आणि एप्रन मधोमध, कंपनीच्या छापावरून सरळ कापला.

"आये, काय करतेस?"

"थैली शिवते, दोरीवाली. आता ह्या लेन्सीत नागली नाय शिरायची."

चाचा पुढे झाले. गळ्यातली टेप काढून त्यांनी रुपीपुढे धरली. "माप घ्या बाई आधी."

"घेतलाय," रुपी म्हणाली आणि मशीनचं चाक फिरवलं. "काल रातची ही पोरगी लेन्स उशाखाली घेऊन निजली होती, तवाच."