चार बोटं आखूड

"बीबी, त्यात काय एवढं? खालून चार बोटं कापा. झालं." फटफटीवरून न उतरताच सियामक म्हणाला.

मी नुकताच शिवून संपवलेला, डोक्यावरून पायांपर्यंत घ्यायचा काळा चादोर माझ्या हातात होता. तो माझ्या नातीचा, महलगाचा. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झालेले, आणि हा तिचा नवरा तिला न्यायला आलेला. तिची आजी म्हणून तोही मला बीबीच म्हणतो. चादोर तिला देता देता माझी नजर फटफटीच्या मागच्या चाकावर गेली होती. चेन उघडी होती.

"चेनचं कव्हर कुठंय?" मी विचारलं होतं.

"काढून टाकलं. खडखडत होतं."

तूरानच्या नवऱ्यानेही हेच सांगितलं होतं.

तूरान माझी धाकटी बहीण. ती हसली की यझ्द शहरातल्या या मातीच्या भिंतींमागून सगळ्या गल्लीला ऐकू यायचं. नवऱ्यामागे एका अंगाला बसून जाताना ती वळून मला हात करायची. त्या दिवशी हात करता आला नाही. मांडीवर नवसाच्या केशरी खिरीचं पातेलं होतं, दोन्ही हात त्यात गुंतलेले, म्हणून चादोर दातांत धरलेला. खालचं टोक कोण धरणार? ते चेनमध्ये गेलं, चाकाने गुंडाळून घेतलं आणि तिला डोक्यावर आपटलं. ती तिथेच गेली. तिच्या नवऱ्याला खरचटलंसुद्धा नाही.

तिच्या दुखवट्याला आलेल्या बायका खजूर खाता खाता म्हणाल्या, "तिला चादोर कधी सावरताच आला नाही." नवरा साखरेचा खडा दातांत धरून चहा पीत होता. म्हणाला, "नशीब." अंगणात खिळ्याला ते कव्हर टांगलेलं होतं. मी ते काढून त्याच्यापुढे आपटलं. दुःखाने डोकं फिरलंय, असं म्हणून बायकांनी मला आत नेऊन निजवलं.

तेव्हापासून मापाला आलेल्या प्रत्येकीला मी विचारत आले, "फटफटीवर बसतेस?" हो म्हणाली की गुपचूप चार बोटं आखूड. पुरुषांनी कव्हरं काढायची आणि मी कापड कापायचं. म्हातारी झाले कापता कापता.

"नाही कापणार," मी म्हणाले.

"का? आई तर म्हणते, बीबी सगळ्यांचेच आखूड करतात."

"करत होते. आता तू कव्हर बसव."

"आज शुक्रवारची सुट्टी, दुकानं बंद. घर तर चौकापलीकडेच आहे, बीबी. हळू नेतो."

"तूरान चौकापर्यंतच पोचली होती."

तो हसला. त्याचं हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं, पोलिसाला दाखवण्यापुरतं.

"हसतोस काय? तिच्या जागी उद्या ही असली, तर इथेच बसून तूही चहा पीत 'नशीब' म्हणशील."

त्याचं हसू मावळलं. महलगाने माझ्या हातून चादोर घेतला आणि डोक्यावरून ओढला. पुऱ्या लांबीचा, टाचा झाकणारा.

"मी चालत येते," ती म्हणाली.

"नवरा गाडीवर आणि बायको पायी? लोक काय म्हणतील?"

"मग तूही चाल."

ती निघाली. चादोराची कड धूळ झाडत चालली होती, आणि तिने ती उचलली नाही. सियामक मागून गाडी ढकलत होता, पुटपुटत. गल्लीच्या टोकाला उतार लागतो. तिथे त्याने बसायला पाय उचलला, पुढे चाललेल्या तिच्या पाठीकडे पाहिलं आणि पाय परत खाली ठेवला.