बर्फशेठची ऊबदार पेटी

“तुम्हाला पटणार नाही, आणि पटू नयेच म्हणा,” उजवा हात पँटच्या खिशात खोल खुपसत बर्फशेठ म्हणाले, “पण एका फ्रीजच्या मागून मी मांडीएवढा अजगर ओढून काढलाय. ऊब शोधत शिरला होता बेटा. म्हटलं, अरे, हा फ्रीज आहे, तुझी सासुरवाडी नव्हे! मान खाली घालून निघून गेला.”

“फोमचा पाइप होता तो,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “मी होते तिथे.”

शेजारचा शिंपी आणि समोरचा वायरमन खो खो हसले. दोघे आले होते साप बघायला. लेकीने तो नुकताच घरी आणला होता. बॉल पायथन. जात अजगराची, पण स्वभाव नव्या नवरीचा. भीती वाटली की डोकं पोटाशी घेऊन अंगाचा चेंडू करायचा आणि गप्प राहायचं. आत्ताही लेकीच्या ओंजळीत त्याचा चेंडूच झाला होता.

बर्फशेठ फ्रीज दुरुस्त करायचे. नावातला बर्फ खरा, शेठ ही थाप. थापा मात्र अशा मारायचे की दुरुस्तीला आलेला माणूस फ्रीज विसरून घरी जायचा.

संसार मोडून लेक परत आली, तेव्हा तिला धीर द्यायला त्यांच्याकडे दुसरं होतं काय? सकाळी गोष्ट, जेवताना गोष्ट. ती ऐकायची, ताट उचलायची आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावायची. एके दिवशी म्हणाली, “बाबा, मी साप पाळणार आहे.”

“साप? अगं, मांजर आण. पोपट आण.”

“मला न बोलणारं काहीतरी हवंय.”

हे वाक्य बर्फशेठांनी गिळलं, पण पचलं नाही.

मग तीच म्हणाली, “त्याची पेटी तुम्ही कराल? नीट झाली तर आम्ही दोघं इथेच राहू. नाहीतर मैत्रिणीकडे एक खोली रिकामी आहे.”

लग्न झाल्यापासून तिने बापाकडे काही मागितलं नव्हतं. बर्फशेठ कामाला भिडले. भंगारातल्या फ्रीजचं कपाट आडवं पाडलं, दाराच्या जागी सरकती काच बसवली, हवेला भोकं पाडली. एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, दोन्हीकडे लपायला ढोली, मधे पाण्याची प्लॅस्टिकची वाटी. खाण्यासाठी गोठवलेले उंदीर ठेवावे लागतात हे कळल्यावर बायको कडाडली, “माझ्या फ्रीजात उंदीर आले तर मी माहेरी जाईन!”

“जा की. तिथला फ्रीजही मीच दुरुस्त केलाय. चार दिवसांत परत येशील.”

लेक हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. त्या हसण्यानेच घात केला, बर्फशेठांना चेव चढला. तिने ऊब द्यायची पट्टी आणि त्या पट्टीचा थर्मोस्टॅट विकत आणला होता. “हे खेळणं?” म्हणून त्यांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि आपल्या दुकानातला हीटर आणि थर्मोस्टॅट बसवला.

“आणि थर्मामीटर?” तिने विचारलं.

“हा काय!” त्यांनी उजवा पंजा नाचवला. “बाजारात थर्मामीटर यायच्या आधीपासून चालू आहे.”

आता फ्रीजचा थर्मोस्टॅट तो फ्रीजचाच. गार झालं की यंत्र बंद, गरम झालं की सुरू. जन्मभर बर्फशेठांनी त्याच्याकडून हेच करून घेतलेलं. या वेळी त्याच्यामागे कॉम्प्रेसरऐवजी हीटर आहे, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? पेटी तापली. थर्मोस्टॅट म्हणाला, गरम आहे, चालू राहू दे. आणखी तापली. मग तर चालू ठेवायलाच हवं! लेक कामावर गेली होती. बर्फशेठ जेवून आडवे झाले.

उठून काच सरकवली, तर तोंडावर भट्टीची झळ आली. वाटी मेणासारखी वितळली होती. त्यांनी सवयीने हीटरला हात लावला आणि बोटं चरचरली.

पण त्यांना ना वाटी दिसत होती, ना बोटं. साप अजून घरी यायचा होता, तरी दिसत होता एक चेंडू. डोकं आत घेतलेला, घट्ट, आपण गप्प राहिलो की सगळं निभावेल अशा भाबड्या समजुतीने बसलेला. आणि भोवती बापाने केलेली पेटी.

खोलीत कुणी नव्हतं, तरी बर्फशेठांनी मान खाली घातली. वाटी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी दडपली. ड्रॉवरमधलं खेळणं काढलं, त्याबरोबरचा कागद आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला आणि तसंच्या तसं बसवलं.

संध्याकाळी लेकीने विचारलं, “झाली चाचणी?”

“पहिल्या फटक्यात!” तोंडातून निघून गेलं. मग खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण जिभेला तिकडचा रस्ताच ठाऊक नव्हता. हात मात्र खिशात गेला, तो तिथेच राहिला.

आणि आज शिंपी म्हणत होता, “धरा ना, शेठ! मांडीएवढा ओढलात, हा तर मनगटाएवढाच.”

“नको. मी धरलं की जनावर लळा लावून घेतं. मग लेकीकडे जायचं नाही.”

“घाबरले!” वायरमनने टाळी पिटली. “बर्फशेठ गोठले!”

बर्फशेठांनी लेकीकडे पाहिलं. ती सापावरची नजर काढत नव्हती. खरं कळलं तर आजच सामान बांधेल. त्यापेक्षा घाबरट ठरलेलं काय वाईट?

“हो रे बाबांनो,” ते हळूच म्हणाले. “घाबरलो.”

एवढ्या थापा मारल्या, पण स्वतःला लहान करणारी ही पहिलीच. शिंपी हसता हसता थांबला.

“खोटं,” लेक म्हणाली. “घाबरलेबिबरले काही नाहीत. हात भाजलाय त्यांचा. वाटी मी काल डब्यात पाहिली, बाबा. मग आज सकाळपासून मी पेटीत थर्मामीटर ठेवून बसले होते. नीट झालीये पेटी, म्हणून तर ह्याला आणलं.” ओंजळ पुढे करत ती म्हणाली, “डावा हात द्या.”