निळा झालेला कागद

"चिंतामणराव, परत एकदा बुडवा," डॉक्टर हरिहर म्हणाले.

मी लाल लिटमसचा दुसरा कागद बाटलीत बुडवला. तोही निळा झाला, म्हणजे लघवीत आम्ल नाही. आता शिळ्या लघवीची सबब चालणार नव्हती. बारा वर्षांच्या सत्यभामेनं दवाखान्यातच, आत्ता, बाटली भरून दिली होती. त्याआधी काही तास डॉक्टरांनी तिला मुद्दाम, अंगात आम्ल वाढवणारं, नवसागराचं औषध पाजलं होतं. एवढं आम्ल पोटात गेल्यावर लघवीत ते उतरायलाच हवं होतं.

डॉक्टर नुकतेच नागपूरहून अकोल्यात आलेले, समजावून सांगायची हौस असलेले. "मूत्रपिंडात केसाहून बारीक नळ्या असतात. त्यांच्या पेशी रक्तातलं आम्ल लघवीत ढकलतात. हिच्या ढकलत नाहीत. मग ते रक्तात साचतं, आणि ते जिरवायला शरीर हाडांतला चुना काढतं. म्हणून पाय वाकले." त्यांनी तिच्या तपासणीचे जुने कागद चाळले. "पण दोन वर्षांत तुम्ही तीनदा 'लघवी ॲसिड' लिहिलंय. ते कसं?"

सांगणं भाग होतं. सकाळची पहिली लघवी घरून आणायची, हा आमचा नियम. खेड्यावरून झेंडूच्या फुलांच्या गाडीत आलेली बाटली अकोल्याच्या उन्हात दहा वाजेपर्यंत नासते आणि कागद निळा होतो. म्हणून निळा दिसला की शिळी समजून, ताजी असती तर आम्लच निघाली असती असं धरून, मी ॲसिड लिहून मोकळा व्हायचो. लोकांचा पुन्हा बाटली आणायचा हेलपाटा वाचवतो, असं मला वाटे. कसला हेलपाटा? माझा आळस होता तो. दवाखान्यात लघवी तपासताना बावीस वर्षं हे शहाणपण मी मिरवलं.

डॉक्टर रागावले नाहीत. "तिच्या आईला तुम्हीच सांगा," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

माणिकबाई बाहेर बाकावर बसली होती. लेक तिला टेकून होती.

"माणिकबाई, चूक माही हाये. कागद पयलेच निळा झाला होता. मी खोटं लिवलं."

"कावून?"

"वाटलं, रस्त्यात नासली असन."

"मंग मले इचारलं कावून नाई? मी इथंच तं बसली होती. पोरगी बी संगंच होती."

मी हातातला निळा कागद तिच्यापुढे धरला.

"औषध हाये का याले?"

"हाये. खायचा सोडा. रोज, मापानं."

"भज्यात टाकतो थो?"

"थोच."

तिनं लेकीच्या वाकलेल्या नडगीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "पाय सरळ होतीन?"

"आनखी वाकनार नाई. पन सरळ होतीनच, असं नाई सांगता येत."

तिनं पदर खोचला आणि लेकीला कडेवर घेतलं. बारा वर्षांची पोर, पण अंगानं सहा वर्षांची वाटत होती. पोरीला घ्यायला मी हात पुढे केला.

"राहू द्या," माणिकबाई म्हणाली. "मले आता सवय झाली."