अंगठ्याचं माप

गाडीला एकोणीस वर्षं झाली आणि ती पेट्रोल ढोसायला लागली. आधी काही ती हवेवर चालत नव्हती, पण दर दोन दिवसांनी पंपावर जाऊन उभं राहायची वेळ फिजिओताईवर कधी आली नव्हती.

तिचं कामच फिरतीचं. कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, कुणाची पाठ धरलेली, कुणाची एक बाजू लुळी पडलेली. अशांच्या घरी जाऊन ती व्यायाम करून घ्यायची. दिवसाला सात-आठ घरं. मागच्या सीटवर घडीचं टेबल, रबरी पट्टे आणि दोन भलेमोठे चेंडू. नव्या गाडीचं नावही काढायची सोय नव्हती, म्हणून हिलाच ती जिवापाड जपायची. दर रविवारी टायरमधली हवा बघायची, ऑइल वेळच्या वेळी बदलायची, सिग्नल लांबून दिसला की पाय अलगद काढून घ्यायची. एवढं करूनही अ‍ॅव्हरेज घसरतच चाललं होतं, आणि चढ आला की गाडी अशी कुंथायची की ताईच सीटवर पुढे सरकून जोर लावायची.

गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून कान दिला, धूर बघितला, मान हलवली.

"ताई, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. इंजिन थकलंय. उतरवावं लागेल."

त्यांनी खर्चाचा अंदाज सांगितला तेव्हा तिने तो पुन्हा एकदा विचारून घेतला. मिस्त्री लबाड असते तर भांडता तरी आलं असतं. पण तेरा वर्षं त्यांनी या गाडीत एक स्क्रूसुद्धा उगाच बदलला नव्हता. "विचार करून सांगते," म्हणत ती निघाली.

नवरा बोटीवर नोकरीला. वर्षातले आठ महिने समुद्रात, त्यामुळे घरात ती आणि सासूबाई दोघीच. सासूबाई वर्षभरापूर्वी राहायला आल्या होत्या. बोलणं मोजकं. सकाळी पेपर वाचून त्याच्या घड्या इतक्या सरळ घालायच्या की तो विकायला परत नेता आला असता. फिजिओताईला त्यांचे गुडघे पाठ होते. कुठला किती वाकतो, कुठे कट्‌ वाजतो, सगळं. पण त्यापलीकडे? कारखान्यात होत्या, तपासणी खात्यात होत्या, एवढंच नवऱ्याकडून कळलेलं. तपासणी म्हणजे कारखाना सुटताना गेटवर बायकांच्या पिशव्या उघडून बघायचं काम असणार, अशी तिने स्वतःच समजूत करून घेतली होती. लग्नानंतरच्या आठ वर्षांत खात्री करून घ्यायचं काही तिला सुचलं नव्हतं.

गुरुवारी सासूबाईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. जाता जाता तीन घरं उरकायची म्हणून ती त्यांना बरोबर घेऊन निघाली. सासूबाई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसून राहिल्या. दुपारी दवाखान्यासमोर गाडी थांबली तेव्हा काठी टेकत उतरल्या, आणि दाराकडे न जाता गाडीभोवती फिरायला लागल्या. प्रत्येक चाकापाशी वाकायचं, पंजा चाकाजवळ धरायचा, पुढे जायचं.

"अहो आई, काय करताय? नंबर जाईल आपला."

"जाऊ दे. इकडे ये. हात दे." त्यांनी तिचा हात धरून पुढच्या डाव्या चाकाजवळ नेला. "चिकटवू नकोस, भाजेल. आता उजव्याला बघ."

उजवं कोमट होतं. डाव्याच्या जाळीतून इस्त्रीसारखी धग येत होती.

"ब्रेक सुटत नाहीये या चाकाचा," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून पायाखाली जाणवतंय मला. तू गाडी पळवतेस आणि हे चाक तिला मागे ओढतंय. पेट्रोल जाईल नाही तर काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"चल, नंबर जाईल," म्हणून त्या दवाखान्यात शिरल्यासुद्धा.

डोळ्यांत थेंब घातल्याने सासूबाईंना परतताना सगळं धूसर दिसत होतं, तरी त्यांनी हट्टच धरला: आत्ताच गॅरेजमध्ये चल. ताईने मिस्त्रींना भीतभीतच सांगितलं, "आई म्हणतात डाव्या चाकाचा ब्रेक धरतोय." मिस्त्रींनी आजीबाईंकडे बघितलं, गालातल्या गालात हसले, आणि मान ठेवायचा म्हणून जॅक लावला.

उजवं चाक हाताने फिरवलं, ते गरगर फिरत राहिलं. डावं फिरवलं. अर्धा वळसा, आणि खर्रकन थांबलं.

मिस्त्रींचं हसू मावळलं. चाक काढलं तर ब्रेकच्या दोन पिना गंजून घट्ट बसलेल्या. त्यामुळे ब्रेकचे पॅड तबकडीला धरूनच राहत होते. "च्यायला," ते म्हणाले, आणि लगेच, "माफ करा, आजी. मी इंजिनातच डोकं घालून बसलो. चाकाला हातच लावला नाही." पिना साफ करून ग्रीस लावलं की झालं. "पण ही तबकडी घासली असणार. दोन्हीकडच्या बदलाव्या लागतील."

"स्टूल द्या," सासूबाई म्हणाल्या.

स्टूल आलं. तबकडी निवेपर्यंत त्या बसून राहिल्या, मग रुमालाने हात कोरडे केले आणि तबकडीवर अंगठा ठेवला. ब्रेक जिथपर्यंत घासतो तिथे तबकडी झिजते, बाहेरची कड तेवढी मूळ उंचीची राहते. त्या कडेवरून अंगठा खाली उतरवायचा, थोडं पुढे सरकून पुन्हा उतरवायचा, असं चाललं होतं. डोळे मिटलेले. शेजारी कुणीतरी हातोडी मारत होतं. त्यांनी तळहात वर केला, आणि आश्चर्य म्हणजे हातोडी थांबली.

फिजिओताई बघतच राहिली. स्नायूतली गाठ शोधताना तिचा स्वतःचा अंगठा असाच चालायचा, निदान दहा वर्षं तसा तिचा समज होता. हे काही वेगळंच होतं. अंगठा चालत नव्हताच, तो ऐकत होता.

"छत्तीस," सासूबाई म्हणाल्या.

"काय छत्तीस?"

"शतांश मिलिमीटर. या बाजूने छत्तीस झिजलीय."

मिस्त्रींनी कपाटातून बारीक मापं घेऊन आकडे दाखवणारा व्हर्नियर काढला. त्याची मागची बारीक दांडी कडेवरून खाली टेकवली आणि आकडा वाचला. त्यांच्या कपाळावर आठी आली. "चौतीस दाखवतोय. पण आजी, दोनचा फरक म्हणजे..."

"खाली कचरा असेल. पुसून घ्या."

मिस्त्रींनी तबकडी फडक्याने पुसली, दांडी पुसली, पुन्हा टेकवली. मग व्हर्नियर ताईपुढे धरला. छोट्या पडद्यावर शून्य पूर्णांक छत्तीस.

 ताईने तो आकडा दोनदा वाचला.

आतल्या बाजूने चाळीस निघाले. ते सासूबाईंनी आधी सांगितले आणि मिस्त्रींनी नंतर मोजले. मिस्त्रींनी दोन्ही बाजूंची बेरीज केली, तबकडीवर कोरलेली कमीत कमी जाडी वाचली आणि म्हणाले, "अजून बरीच चालेल. बदलायची गरज नाही." मग त्यांनी स्वतःच्या खुर्चीवरची उशी आणून सासूबाईंच्या पाठीशी लावली.

"आजी, कुठे शिकलात हे?"

"एकतीस वर्षं पंपात मागेपुढे सरकणारे दट्टे तपासले. दिवसाला चारशे. मापायची यंत्रं होती हो, पण रांग थांबायची त्यांच्यासाठी. म्हणून मी आधी अंगठ्याने बघायची." त्यांनी रुमालाने अंगठा पुसला. "शेवटी शेवटी माझं आणि यंत्राचं जुळलं नाही, की साहेब यंत्र दुरुस्तीला पाठवायचे."

ताई हसली.

इंजिन उतरवायची वेळ आली नाही. पंपावरची फेरी आठवड्याला एक झाली आणि गाडी चढावर कुरकुर न करता जायला लागली. पंधरा दिवसांनी नवऱ्याचा फोन आला तेव्हा ताईने त्याला धारेवरच धरलं: "तुझी आई काय करायची, ठाऊक आहे तुला?"  तो म्हणाला, "लहानपणी ताप आला की ती थर्मामीटर लावायचीच नाही. मला वाटायचं, आमच्याकडे थर्मामीटर नाही."

त्या रविवारी चहा झाल्यावर ताई सासूबाईंसमोर येऊन बसली. "आई, मला शिकवा."

"गाडीचं?"

"अंगठ्याचं."

सासूबाईंनी आपल्या डोक्यातला एक पांढरा केस उपटला, टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरचं एक पान पसरलं. "शोध."

ताईला सापडला. दुसरं पान आलं. बऱ्याच वेळाने सापडला. तिसऱ्या पानाला तिने तीन वेळा चुकीची जागा दाखवली, मग एकदाचा सापडला. चौथ्याला हात टेकले.

"पहिल्या दिवशी तीन पानं," सासूबाई म्हणाल्या. "मला दोनच जमली होती."

"आणि आता?"

त्यांनी ताईला केस हवा तिथे ठेवायला सांगून खिडकीकडे तोंड फिरवलं. ताईने पेपरची सगळी पानं केसावर एकावर एक रचली. सासूबाई वळल्या, डोळे मिटले, आणि अंगठा कागदावरून सावकाश सरकायला लागला. घरातलं घड्याळ तेवढं वाजत होतं. पानाच्या मध्याच्या जरा खाली, एका जाहिरातीच्या कोपऱ्यावर अंगठा थांबला. थोडा मागे आला. पुन्हा थांबला.

ताईने श्वास रोखून एकेक पान उचललं. एक, दोन, पाच, नऊ, अकरा. बाराव्याखाली, अगदी तिथेच, तो केस होता.